आंबट-उग्र

एकतीस वर्षं मी पंचनामे लिहिले.
प्रत्येकात तीच ओळ :
आंबट-उग्र वासाचा मोहाचा सडवा,
अंदाजे इतके लिटर, जागीच नष्ट केला.
चिचगडचं जंगल असो की नवेगावच्या बांधामागची झुडपं,
वास कायम आंबट, कायम उग्र.
खात्याकडे तिसरा शब्द नव्हता.

नाकाला मात्र ठाऊक असायचं.
नाल्याकाठच्या भट्टीत गूळ जास्त,
टेकडीवाल्याचा नवसागर डोळ्यांत चढायचा,
आणि सायत्रा वलथरेची नुसत्या फुलांची,
काडी लावली तर निळी जळायची,
न थरथरता.
हे कोणत्या रकान्यात लिहिणार?
मी काठीनं मडकं फोडायचो.

जावई जहाजावर भांडारी आहे.
यंदा त्यानं चार इवल्या बाटल्या आणल्या,
खोकल्याच्या औषधाएवढ्या, आणि एक छापील कागद.
मी कधी घेतली नाही. वासावरच नोकरी झाली.
म्हणून सायत्राला निरोप धाडला.
काठी टेकत आली, ओसरीवर बसली.
"आता कोनता गुन्हा, जमादार?"

नात कागद वाचू लागली.
पहिली अमेरिकेची, मक्याची,
आतून जाळलेल्या पिंपात ठेवलेली.
सायत्रानं थेंब जिभेवर फिरवला.
"इंगोलावर भुट्टा भाजला,
वरून गुळाच्या पाकाची धार सोडली.
पोट्ट्यायले आवडंल."

दुसरी आयर्लंडची, तीनदा गाळलेली.
"काटे काढून देल्या मासोळीवानी.
पाहुन्याले बरी.
माह्या दाताले काम नाही हिच्यात."

तिसरी कुठल्याशा बेटावरची.
तिथं जवाला मोड आणतात,
दलदलीतली जुनी माती वाळवून पेटवतात,
तिच्या धुरावर ते जव सुकवतात.
तिला ठसका लागला.
"अवं, हा तं सरकारी दवाखाना जळून राहिला!"
मग हसू ओसरलं.
"बुढ्याचे शेवटचे पंधरा दिस.
अंगनात ओल्या गोवऱ्याची चूल, आत टिंचरचा वास."
मला वाटलं, बाटली सरकवून देईल.
तिनं आणखी एक थेंब घेतला.

चौथी
आधी स्पेनची द्राक्षदारू मुरलेल्या पिंपातली.
ही तिनं प्यायलीच नाही बराच वेळ.
नाकाशी धरून बसली.
"चैतात वाळू घातलेलं मोहफूल.
तिसऱ्या दिवशीचं.
सुरकुतलं, पन बोटाले अजून चिकटते."
नातीनं कागद उलटसुलट पाहिला.
मनुका होत्या, अंजीर होतं, संत्र्याची साल होती.
मोहफूल नव्हतं.

"किती दिस ठेवली ही?"
"बारा वर्षं."
"एका जागी?"
"एका जागी."
तिनं माझ्याकडे पाहिलं,
रागानं नाही, हिशेब लागत नसल्यासारखं.
"बारा वर्षं! आन् कोनी धाड नाही टाकली?"

नात खळखळून हसली.
मला ती नदीची वाळू आठवली,
सात दिवसांची तीन मडकी,
सडवा झिरपताना झालेला बारीक आवाज.
एक बकरी ओली वाळू चाटून झुलत गेली,
पंच हसले होते, मीही.
मग गुडघ्यावर कागद ठेवून
तीच ओळ लिहिली.
अक्षर चांगलं होतं माझं.
साहेब नेहमी म्हणायचे.

ती उठली, पदराला हात पुसले.
"रिकाम्या झाल्या का दे.
टोळीचं तेल ठेवाले कामी येतील."

चौथीत बोटभर उरली होती.
ती अंगण ओलांडेपर्यंत थांबलो,
मग नाक लावलं.
आंबट नाही.
उग्र नाही.
आणि पुढं काय, ते मी जुळवतच होतो
तेवढ्यात फाटकातून तिचा आवाज :
"बुचं हरवू नोको, जमादार!
तेल सांडते."