दहा गुरुवार

शाळेच्या फॉर्मवर चौकोन आहेत.
वक्तशीर आहे का. सूचना पाळते का. पुढाकार घेते का.
मी पेन घेऊन व्हॅनमध्ये बसलोय,
काचांवर आतून वाफ,
बाहेर इन्व्हरकार्गिलचा वारा,
मार्चपासून सुरू आहे, दम घेत नाही.

वक्तशीर.
पहिल्या गुरुवारी सातला बोलावलं होतं,
ती सव्वासहाला गेटपाशी.
बूट भावाचे, आत दोन-दोन मोजे कोंबलेले.
"रोइमाता पाराटा," म्हणाली, आणि हात पुढे केला,
हातोडा देताना दांडा समोरच्याकडे करतात तसा.

तीन गुरुवार मी तिला नुसती उचलाउचल दिली.
पाने, पिशव्या, पिंपभर भंगार, आणि चहा.
माझ्या उस्तादानंही मला हेच दिलं होतं.
तेव्हा मी शपथ घेतली होती, आपण असं वागायचं नाही.
शपथ कुठे गेली कुणास ठाऊक.
चहा मात्र ती वाईट करते. त्याला चौकोन नाही.

चौथ्या गुरुवारी तांब्याची नळी कापली,
साठ मिलिमीटर कमी.
मी तोंड उघडणार, तोच तिनं फळी उचलून समोर धरली:
माझ्याच पेन्सिलीचा आकडा.
माझा सात एकासारखा दिसतो.
तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
हल्ली सातच्या कमरेला आडवी रेघ मारतो.

सातव्या गुरुवारी मिसेस टुलोचकडे
रात्रीच्या गारठ्यानं पाइप फुटला, घराच्या पोटाखाली.
लाकडी घर, खुंटांवर उभं, खाली हातभर पोकळी.
तिथे आता माझे गुडघे जात नाहीत.
खरं तर पोट जात नाही.
ती गेली, टॉर्च दातात धरून.
मी वर जमिनीवर पालथा, फळीच्या फटीला तोंड लावून:
डावीकडे. आता वॉशर. हळू.
खालून आवाज: "झालंय ते. पुढचं सांगा."
मिसेस टुलोच, वय एक्याऐंशी, घरातच कोट घालून,
जमिनीशी बोलणाऱ्या माणसाकडे बघावं तसं
माझ्याकडे बघत होत्या.

पाणी आलं.
आधी खोकलं, मग तपकिरी, मग नितळ.
ती बाहेर आली, केसांत कोळिष्टकं,
पहिलं वाक्य: "न्हाणीघराखालचा वासा कुजलाय."
ते आपलं काम नाही, मी म्हणणार होतो.
म्हातारीनं आधीच कागद काढला होता.
"कुठला वासा, पोरी? इथे काढून दाखव."
आणि तिनं काढला, घर खालून कसं दिसतं ते,
प्रत्येक खुंट मोजून.

शेवटचा चौकोन जरा मोठा आहे.
शिकाऊ म्हणून घ्याल का?
शिकाऊ म्हणजे चार वर्षांचा पगार.
एका बिल्डरनं नोव्हेंबरपासून पैसे थकवलेत,
व्हॅनचे अकरा हप्ते बाकी,
आयलीन हिशेबाची वही माझ्यापासून लपवते,
म्हणजे आकडे वाईट असणार.
गेल्या गुरुवारी दहा पूर्ण झाले.
ती "बरंय" म्हणून गेली, मीही "बरंय" म्हटलं.

आज अकरावा. शाळेला सुट्टी आहे.
सव्वासहा.
बाहीनं काच पुसतो तर गेटपाशी कुणीतरी उभं,
वाऱ्याकडे पाठ करून,
पायात नवे बूट, मापाचे.

फॉर्म अजून कोराच.
पलीकडचं दार बाहेरून उघडत नाही, हँडल तुटलंय.
हात लांब करून
ते आतूनच उघडावं लागतं.