चुलीवरून

धरण मायनसमध्ये गेलं की
होडी चिखलात एका कुशीवर पडते
आणि इंदापूरचा माणूस येतो.
अठरा हजार, म्हणतो. हॉटेलापुढं ठेवायची,
आत मोगरा लावायचा.

झुंबर मिस्त्री बुडाला बोट लावून सांगतो,
चार फळ्या गेल्यात. करमाळ्यात सागाचा भाव
विचारून ये, मग बोल.
वर डांबर, कापूस, माझी मजुरी.
तेवढ्यात फायबरची नवी येईल.

ते खरंच आहे.

अण्णा हिच्यातून कुगावची माणसं पलीकडं न्यायचे.
नवरीची ट्रंक, शेळ्या, एकदा पिठाची गिरणी.
मधोमध आलं की वल्हं थांबवायचे :
"आत्ता आपण आपल्या चुलीवर आहोत."
मी वाकून पाण्यात धूर शोधायचो.

यंदा पाणी पार हटलंय. चूल उघडी पडलीय,
चालत जाता येतं.
जाऊन आलो. तीन दगड, शिंपले,
कुणाची तरी एक चप्पल.

संध्याकाळी इंदापूरचा फोन.
म्हटलं, पाणी येऊ द्या.
तो म्हणाला, तेव्हा तुम्ही देणार नाही.

मिस्त्री नुसता हसला.
डांबराचा डबा त्यानं सकाळीच आणला होता,
उधारीवर,
माझ्या नावानं.