चीज

ज्युरा डोंगराच्या पोटात तळघर.
फळ्यांवर चीजची चाकं,
एकेक चाळीस किलोचं.
ओदिल उतरवते, मीठ चोळते, उलटते,
पुन्हा वर.
एकतीस वर्षांच्या कष्टांचं चीज
म्हणायचं तर हेच.

परवा एक चाक छातीपर्यंत आलं
आणि तिथंच राहिलं.
हात दुखले नाहीत, थरथरलेही नाहीत;
नुसते, मालक गावाला गेल्यासारखे.

डॉक्टरीण म्हणाली, इस्ट्रोजेन.
पाळीबरोबर तेही गेलं.
दिवसा झिजलं ते रात्रीतून भरा,
असं स्नायूंना दटावणारं
आता घरात फारसं कोणी नाही.

ओदिलला वाटलेलं, गेली ती फक्त कटकट.
सुटले एकदाची, म्हणून तेव्हा
बहीण मिरेयसोबत
तिनं अख्खी बाटली संपवली होती.

हल्ली न्याहारीला दोन अंडी.
संध्याकाळी खारवणाची बादली,
दहा वेळा वर, दहा वेळा खाली.
शिव्या वेगळ्या.

चीज पिकतं तसा भाव चढतो.
केस पिकतात, तेव्हा
वरच्या फळ्या पोरांकडे जातात.

छोट्या हातोडीनं ती चाक ठोकते,
कान लावते: आत भेग? पोकळी?
मग कोणी बघत नाहीसं पाहून
स्वतःच्या दंडावर,
एकदाच,
हलकेच.