फळा किती वीत

निफाडच्या पुढची आमची शाळा. पौषात परिपाठ
उन्हातच रेंगाळतो, कुणी आत यायला तयार नसतं.
तिसरीच्या पटावर एकोणीस, आज सतरा.
"दोघं शेकोटीपाशी बसलीत, मॅडम,"
साईप्रसाद मोगल सांगतो. तो सगळ्यांचं सगळं सांगतो.

आजचा पाठ : लांबी.
पट्टी नाही, टेप नाही, नुसता हात.
"मोजा बरं," म्हटलं, "फळा किती वीत?"
आणि जे सुरू झालं त्याला
मुख्याध्यापक गोंधळ म्हणतात.

खडूची भुकटी, एकमेकांच्या करंगळ्या चिरडत
कृतिका बोरस्तेचे तेवीस,
इकराचे एकवीस "आणि थोडंसं",
साईप्रसादचे सतरा,
कारण त्याचा अंगठा मध्येच उडी मारतो.
माझे पंधरा.
"मॅडमचं बरोबर!" सगळे एका सुरात.
का बरं?
"तुमचा हात मोठा आहे ना."
हे उत्तर मला आवडलं नाही
आणि ते नेमकं कुठं चुकलं
तेही चटकन सांगता येईना.

वनिता भोये काही बोलली नव्हती.
दिवाळीनंतर आलेली, सुरगाण्याकडची.
आईबाप बागेत. डिपिंग, थिनिंग,
खुड्यापर्यंत इथं, मग नाही.
तिनं फ्रॉकच्या खिशातून सुतळी काढली,
बागेत काड्या बांधतात तसली,
फळ्याला लावली, उचलली, पुन्हा लावली.
"दोन सुतळ्या. वर चार बोटं."
मग तीच इकराला दिली, मोगलला दिली,
मला दिली.
दोन सुतळ्या, चार बोटं.
दोन सुतळ्या, चार बोटं.
"पण बोटं कुणाची?" साईप्रसाद म्हणाला,
आणि वर्ग त्या दिवशी पहिल्यांदा गप्प झाला.

वनितानं सुतळी दुमडली. अर्धी. गाठ.
पुन्हा दुमडली. पाव. गाठ.
अपूर्णांक फेब्रुवारीत घ्यायचे होते,
वार्षिक नियोजनात तशी माझी सही आहे.

मग कशाला थांबतात.
दार मोजलं, ओटा मोजला,
खिचडीचा डाव मोजला (सुनंदाताई ओरडल्या),
सरांची मोटारसायकल, आरशापासून नंबरपर्यंत,
लिंबाची सावली बाराला
आणि तीच सावली तीनला.
"सावली खोटं बोलती," इकरानं वहीत लिहिलं.
मी त्यावर बरोबरची खूण केली, की चूक, आठवत नाही.

मार्चमध्ये एका सोमवारी वनिता नव्हती.
पिकअप पहाटेच गेला म्हणे,
भांडी, गोधड्या, कोंबडी, सगळं घेऊन.
सुतळीही गेली.
हजेरीत मी तांबड्या पेनानं "स्थलांतरित" लिहिलं,
रकाना लहान पडला, "त" बाहेर आला.

कार्तिकात ती दारात उभी.
चौथीची झाली होती, तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.
खिशातून तीच सुतळी,
तिच्यावर तीन नव्या गाठी.
"ही आमच्या दाराची.
ही बकरीची, शिंगं सोडून.
ही भावाची, जलमला तवाची."
ती शेवटची गाठ सगळ्यांनी चिमटीत धरून बघितली,
एकेकानं, रांगेत,
एवढी शांत रांग मी नळावर कधी पाहिली नाही.

मग साईप्रसादनं सुतळी फळ्याला लावली.
उचलली, पुन्हा लावली.
दोन सुतळ्या, वर पूर्ण वीत.
पुन्हा मोजलं. तेच.
"फळा वाढला, मॅडम!"

मी कपाटातला टेप काढला नाही.
अजून प्लॅस्टिकमध्येच आहे तो.
खडू खाली ठेवला आणि बाकावर बसले,
त्यांच्यात, गुडघे पोटाशी घेऊन.
बाहेर बागेत कुणीतरी ट्रॅक्टर बंद केला.
वनिता सुतळीकडं बघत होती,
ओठ हलत होते.

"गाठींनी खाल्ली," ती म्हणाली.