काय मिळणार नाही

किसुमूच्या तळ्याकाठी ओमेना वाळत घातली होती,
बोटाएवढी मासळी, खिळ्यांसारखी चकचकीत.
ती पालथी करत होते तेव्हा न्यांग्वेसो आला.
इस्त्रीचा शर्ट, बुटांवर वाळू,
बगलेत विमा कंपनीची निळी फाईल.

म्हटलं, बस. आधी माझं ऐक.

तुझ्याआधीही एक आला होता.
चर्चमध्ये पुढच्या बाकावर गायचा.
चौदा महिने हप्ता नेला.
ओबुराच्या पायात काच गेली, पाय भोपळ्यासारखा सुजला,
तेव्हा हॉस्पिटलच्या खिडकीतल्या बाईनं
कार्ड उलटंपालटं केलं आणि हसू दाबत परत दिलं.
बोटीचं इंजिन विकून पाय वाचवला.
कार्ड आहे अजून. त्यानं मी
पातेल्याच्या बुडाची करपलेली उगाली खरवडते.

तेव्हापासून नवरा म्हणतो, पैसा पेटीत बरा.
आम्हा नऊ बायकांची पेटी. तीन कुलुपं,
किल्ल्या तीन घरांत,
आणि त्या तिघींचं एकमेकींशी पटत नाही,
म्हणून तर विश्वास.
पण पेटीत मावतं बाळंतपण, मयत, फार तर मोडका हात.
रोझबेलाची किडनी मावली नाही.
पेटी रिकामी झाली, आणि तरीही.

यावर तो काही बोलला नाही.
घोटाळा इथेच झाला.
बोलला असता तर मी त्याला वाटेला लावलं असतं.
त्यानं फाईल उघडली ती मागच्या पानापासून.
म्हणाला, काय मिळणार नाही ते आधी वाचतो.
आणि मुंग्यांएवढी अक्षरं
अडखळत आमच्या धोलुओत वाचू लागला.
दहा महिने बाळंतपण नाही.
दात नाही. चष्मा नाही.
सासूची साखर नाही, ती जुनी आहे.

जाळं सांधता सांधता ओबुरा थांबला.
"साखरेचं परत वाच."
त्यानं परत वाचलं.
तेच वाचलं.

त्या दिवशी सही केली नाही.
गुरुवारी ओबुरा कंपनीचं नाव चिठ्ठीवर घेऊन
लंगडत त्या खिडकीपाशी जाऊन आला.
बाई या वेळी हसली नाही,
एवढंच सांगितलं, आणि जेवायला बसला.

दोन पोरांचाच विमा उतरवला.
आमचा पुढच्या वर्षी,
न्यांग्वेसो पुढच्या वर्षी दिसला तर.

दर पाच तारखेला हप्ता कापल्याचा मेसेज येतो.
मी वाचून दाखवते. ओबुरा म्हणतो, हं.
नवी कार्डं खिळ्याला टांगली आहेत.
अजून तरी पातेल्याला लावलेली नाहीत.