वय अंदाजे पन्नास

तहसीलच्या अभिलेख कक्षात पंखा फिरतो, वारा येत नाही.
शिपाई म्हणतो, बाई, एवढ्या उन्हाचं
कुणी जमिनीसाठी येतं, कुणी दाखल्यासाठी.
तुम्ही कशासाठी?
एका लोहारासाठी, मी म्हणते.

येलशेट्टी सर मोडी वाचतात
बोट कागदाला न लावता, चार अंगुळं वरून,
तवा तापलाय का बघावं तसं.
"सटवा बिन म्हाळू. लोहार. मौजे चिंचहळ्ळी.
वय अंदाजे पन्नास. कारण ताप."
खालच्या ओळीत दुसऱ्याच कुणाचं मूल जन्मलेलं.
माझ्या आजोबांचा आजोबा
दीड ओळीत आटोपला.

अंदाजे!
ज्यानं गावातल्या एकेका चाकाचा घेर
दोरीनं मापून धाव चढवली, केसाची फट न ठेवता,
त्याचं वय कुणी मापलं नाही.
आणि बायकोला तर रकानाच नाही.

मग हेळवी आठवला.
वडील सांगायचे, बैलावरून यायचा, घंटा वाजवत,
पायलीभर ज्वारी घ्यायचा
आणि सात पिढ्या एका दमात म्हणायचा.
आता त्याचा नातू येतो, गुरप्पा,
मोटारसायकलवर; घंटा हँडलला.
विजापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये
तो सोफ्यावर बसला नाही.
फरशीवर मांडी घालून वही उघडली,
अर्धं कानडी, अर्धं मराठी:
म्हाळूचा सटवा.
सटव्याची नागव्वा, इंडीकडची.
पोटी चार. जगला एक.
बाप गेला तेव्हा केवढा होता?
"पाळण्यातून उतरलेला," गुरप्पा म्हणाला,
आणि चहात बिस्कीट बुडवून विसरला.

पुन्हा तहसील. पुन्हा तोच पंखा.
बलुत्याच्या यादीत, सटवा मेल्यावरही,
दर खळ्याला लोहाराच्या नावे तेवढ्याच पेंढ्या.
एक साल. दोन. अकरा.
सरांनी चष्मा काढला.
"गावात दुसरा लोहार?"
नव्हता.
मग फाळ शेवटत होतं कोण?

आमच्यात बायका घण मारतात, हे मला नवीन नाही.
आत्याचा उजवा खांदा डाव्याहून जाड;
झंपर शिवताना शिंपी दर वेळी कुरकुरायचा.
पण घण मारणं म्हणजे दुसऱ्यानं दाखवलं तिथं मारणं.
सांडशी आणि छोटा हातोडा ज्याच्या हाती,
लोखंड त्याचं ऐकतं.
कोणत्या तरी सकाळी नागव्वा
ऐरणीच्या त्या बाजूनं उठून या बाजूला आली.
तीन पावलं असतील.
पेंढ्या मोजणाऱ्यानं कागदात काहीच बदललं नाही.

समोर उभं राहून घण कुणी मारला,
ते अजून सापडत नाही.

मार्गशीर्षात चिंचहळ्ळीला गेले.
भट्टीच्या जागी द्राक्षांच्या औषधांचं दुकान.
मागं मोकळी जागा, बाभळ, शेळ्या.
पर्समध्ये जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक नेलं होतं.
मातीवरून फिरवलं
आणि त्याला काळे केस फुटले.
ऐरणीवरून उडालेले पापुद्रे,
सव्वाशे वर्षं कुणाच्याच नावावर नसलेले.
शेंगाचटणीच्या रिकाम्या पिशवीत भरत राहिले,
कंबर मोडेपर्यंत.

दुकानातला पोरगा म्हणाला, वजन करू का, मावशी?
औषधाच्या काट्यावर ठेवली पिशवी.
दोनशे बारा ग्रॅम.
अंदाजे नाही.
मी म्हटलं, बिलावर लिहून दे, तारीख घाल.
"कुणाच्या नावे?"
नागव्वा लोहार, राहणार इथलीच.

त्यानं 'नागवा' लिहिलं.
मी तिथंच उभं राहून
जोडाक्षर दुरुस्त करून घेतलं.