जोत्याची उंची

बँकेने पाठवलेल्या तक्त्यात अठ्ठावीस रकाने.
सत्तावीस मी ऑफिसात बसूनच भरले,
एसीत, नकाशावरून.
उरला एक: जोत्याची उंची, मीटरमध्ये.

गुंदेचा लेबल्स, प्रायव्हेट लिमिटेड.
शेअर बाजाराला हे नाव ठाऊक नाही,
विठ्ठलवाडीच्या मागच्या गल्लीत
रिक्षावाल्यालाही दोनदा विचारावं लागलं.
खोकल्याच्या बाटलीवरचं ‘वापरण्यापूर्वी हलवा’
इथं छापतात.

नकाशात ही जागा म्हणजे एक चौकोन,
बाजू नव्वद मीटर.
त्यात कारखाना, दोन सोसायट्या, म्हशींचा गोठा
आणि मुठेचा एक तुकडा.
उंची सगळ्यांची मिळून काढलेली,
म्हणजे कुणाचीच नाही.
नदी थोडी वर आलीय, गोठा थोडा खाली गेलाय.
मॉडेल म्हणतं, पाणी तीस सेंटिमीटर,
शंभर वर्षांतून एकदा.

“शंभर?” शेठ हसले.
“कारखाना घेऊन मला अकरा वर्षं झाली.
तीनदा झालं की.”
नुकसानीचा हिशेब?
“विमा नव्हता, तर दाखवायचा कुणाला?
भिजला कागद रद्दीत घातला.
रद्दीचे पैसे आले, ते जमेला धरलेत.”

म्हणजे ताळेबंदात पूर आहे,
पण उत्पन्नाच्या बाजूला.

मग त्यांनी हाक मारली. तांबोळीबाई आल्या,
स्टोअर सांभाळतात, आधीच्या मालकापासून.
चष्मा दोरीला, पेन्सिल कानामागे.
मला फाटकाच्या खांबापाशी नेलं.
पोरांची उंची मांडतात तशा तिथं रेघा,
शेजारी आकडे: पंचवीस, पस्तीस, चाळीस.

“साल आहे का हे?”
“नाही हो. हजार क्युसेक.
खडकवासल्यातून सोडतात ते.
पंचवीसला गटार उलटं वाहतं.
पस्तीसचा मेसेज आला की मी खालचे रीळ वर घेते,
मग मीटर बंद, मग शाई,
शेवटी शेठची खुर्ची.
चाळीसला पाणी मशीनच्या पायात.”
“आणि मेसेज रात्री आला तर?”
“रात्रीच येतो.”

उन्हाचा रकाना मी आधीच भरला होता: मध्यम.
एप्रिलात पत्र्याखाली डिंक सुटतो, बाई म्हणाल्या,
लेबल तिरकं बसतं,
दोन ते चार मशीन उभी,
पोरं नळाखाली मान धरतात.
हजेरीपत्रकात ते दोन तास जेवणाचे आहेत.

टेप लावली. जोतं: दोन पायऱ्या, चौदा इंच.
चाळीसची रेघ: एकवीस.
हे लिहिलं तर व्याज चढणार,
किती ते मला विचारू नका, मी फक्त मोजतो.
रिकामं सोडलं तर संगणक
आपोआप क्षेत्राची सरासरी घालतो,
आणि त्या सरासरीत टेकाडावरचे,
कोरडे, आमच्या बाईंना न ओळखणारे
कितीतरी कारखाने आहेत.
चहा निवत होता. शेठ माझ्या पेनाकडे बघत होते.
“बाई मार्चमध्ये जायच्यात,” ते हळू म्हणाले,
“सोलापूरला, मुलीकडे.”
त्याला रकाना नव्हता.

मी लिहिलं: शून्य पूर्णांक छत्तीस.
शेऱ्यात लिहिलं: पाणी शून्य पूर्णांक त्रेपन्न,
आधार, झुबेदा तांबोळी, स्टोअर, खांबावरची पेन्सिल.
वरचे साहेब शेरे वाचत नाहीत, हे मला माहीत आहे.

निघताना बाईंनी विचारलं, “तुम्ही राहता कुठं?”
“कर्वेनगर. तिसरा मजला.”
“मजला नाही हो.
पाण्याची मोटर कुठंय तुमची?”

रात्री साडेदहाला टेप घेऊन
पार्किंगमध्ये उतरलो.
वॉचमन उठून उभा राहिला,
“साहेब, काही हरवलं का?”
मोटर खड्ड्यात होती, झाकणाखाली.
म्हटलं, जरा टॉर्च धर.